मालकाच्या मृत्युपत्रातलं आपलं माणूस

नातीला शाळेने वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. आमच्या बाजूचं काम एका संध्याकाळी उरकलं. घरातलं कुणी ना कुणी त्र्यंबकेश्वरी जाऊन तीर्थोपाध्यायांच्या वहीत नावं घालून आलेलं. थोरल्या दिरांनी तिथून सात पिढ्या उतरवून आणल्या होत्या, त्या मी मोठ्या कागदावर मांडल्या. सूनबाईच्या माहेरची फांदी मात्र १८७० सालापाशी थांबली. तिचं माहेर व्हर्जिनियातलं, आफ्रिकन-अमेरिकन. विहीणबाईंना आपल्या खापरपणजीचं नाव, गाव, तिला मुलं किती झाली, तिला कुठल्या चर्चच्या आवारात पुरलं, सगळं तोंडपाठ. त्याच्या मागचं विचारलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याच्या मागे आमची माणसं कुणाच्या तरी इस्टेटीत आहेत. इस्टेट कुणाची ते कळलं, तर माणसं सापडतील."

त्यानंतरची चार वर्षं आम्ही दोघी विहिणींनी कोर्टाच्या जुन्या वह्या वाचण्यात घालवली. अमेरिकेतल्या मराठी घरांत अशा सोयरिकी आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. नातवंडांना दोन्ही बाजूंचे पूर्वज सारखेच आपले असतात, आणि एका बाजूचा कागद कोरा राहिला तर ते त्यांना टोचतं. ज्यांना तो भरून काढायचा आहे त्यांच्यासाठी आम्हाला उमगलेली वाट इथे सांगते. ही वाट मळेवाल्याच्या मृत्युपत्रातून जाते.

आधी १८७० सालाचं. व्हर्जिनियातली गुलामगिरी १८६५ मध्ये संपली आणि त्यानंतरची पहिली शिरगणती १८७० ची. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांचं कोष्टक वेगळं होतं. त्यात नाव लिहिलं जाई ते मालकाचं, आणि त्याखाली गुलामांच्या ओळी: स्त्री, ३५, काळी, मुलगा, ६, काळा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि काळ्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. ज्यांच्या सुटकेमुळे त्यांचं मन भरून आलं होतं, त्यांतल्या बहुतेकांची नावं शिरगणतीच्या कागदावर येऊन तेव्हा फक्त तीन वर्षं झाली होती.

मग त्याआधी ही नावं कुठे होती? मालकाच्या घरी होती. तो जमीन, गुरं, चांदीची भांडी, पिसांच्या गाद्या मुलांमध्ये वाटायचा, तेव्हा माणसंही वाटायचा, आणि वाटताना नाव लिहावंच लागे. त्र्यंबकेश्वरच्या वहीतलं नाव माणसाने स्वतः जाऊन सांगितलेलं असतं. मृत्युपत्रातलं नाव दुसऱ्याने, स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेलं असतं. हा फरक डोक्यात ठेवून वाचलं तरच ते कागद बोलतात. शोधाची सगळी रीत यातूनच निघते: आडनावाच्या मागे जायचं नाही, मालमत्ता कुणाकडून कुणाकडे गेली त्याच्या मागे जायचं.

सुरुवात मात्र मृत्युपत्रापासून करू नका. आम्ही ती चूक केली. विहीणबाईंच्या आडनावाचा एक बडा मळेवाला त्याच भागात होता, म्हणून आम्ही थेट त्याचं मृत्युपत्र काढलं आणि पूर्ण हिवाळा त्यात घालवला. आमचं माणूस तिथे नव्हतंच. मुक्त झालेल्यांनी शेवटच्या मालकाचंच आडनाव घेतलं असं नाही. कुणी दोन पिढ्यांपूर्वीच्या मालकाचं घेतलं, कुणी बापाचं, कुणी स्वतः निवडलेलं. आधी १८७० च्या शिरगणतीतलं घर शोधा आणि त्याच्या आगेमागे वीस-पंचवीस घरं वाचा. मुक्ती मिळाल्यावर पुष्कळ लोक पहिली काही वर्षं जुन्या मळ्याच्या आसपासच राहिले, तेव्हा शेजारचा जमीनदार हा पहिला संशयित.

मालकाचं नाव सरळ सांगणारे दोन कागद आहेत. व्हर्जिनियाने फेब्रुवारी १८६६ मध्ये, गुलामगिरीत नवराबायको म्हणून नांदलेल्या जोडप्यांचे विवाह कायदेशीर मानले. त्यांच्या कौंटीवार, म्हणजे जिल्हावार, नोंदवह्या फ्रीडमन्स ब्यूरो या मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याने तयार केल्या, आणि त्यांत जोडप्याचं वय, जन्मठिकाण, मुलं आणि शेवटच्या मालकाचं नाव असे रकाने आहेत. सगळ्या कौंट्यांच्या वह्या टिकल्या नाहीत, पण तुमच्या कौंटीची टिकली असेल तर अर्धं काम झालंच म्हणून समजा. दुसरा कागद फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या खात्याचा. ही बँक १८६५ ते १८७४ चालली आणि शेवटी बुडाली. गरिबांचे कष्टाचे पैसे त्यात गेले. तिच्या खातेदारांच्या अर्जांत आईवडील, भावंडं, आणि काही अर्जांत आधीच्या मालकाचं नावही सापडतं.

मालक हाती लागला की मग मृत्युपत्र. ते नीट वाचायला शिकायचं तर ज्याचे सगळे कागद छापून आलेले आहेत असं एखादं प्रकरण आधी वाचावं. मी सगळ्यांना जॉर्ज वॉशिंग्टनचं वाचायला सांगते. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून नव्हे. पोटोमॅक नदीकाठच्या माउंट व्हर्ननचा मळेवाला म्हणून.

हे मृत्युपत्र त्याने ९ जुलै १७९९ रोजी स्वतःच्या हाताने लिहिलं. १४ डिसेंबरला तो वारला आणि २० जानेवारी १८०० रोजी ते फेअरफॅक्स कौंटीच्या कोर्टात दाखल झालं. वॉशिंग्टनच्या मृत्यूची तारीख जगाला ठाऊक आहे. तुमच्या मळेवाल्याची ठाऊक नसेल, तर मृत्युपत्रावरची सहीची तारीख आणि कोर्टातल्या दाखल्याची तारीख या दोहोंमध्ये तो गेला असं धरायचं.

मृत्युपत्राच्या आधी त्याच उन्हाळ्यात त्याने माउंट व्हर्ननवरच्या ३१७ गुलामांची यादी केली होती. कोण कुठल्या शेतावर, काय काम करतो, नवरा किंवा बायको कोण आणि ती कुणाच्या मालकीची. या ३१७ पैकी १२३ जण त्याच्या स्वतःच्या मालकीचे, ४१ शेजाऱ्यांकडून भाड्याने घेतलेले, आणि १५३ कस्टिस घराण्याचे. ही तिसरी संख्या समजून घेण्यासाठी चाळीस वर्षं मागे जावं लागतं. वॉशिंग्टनची बायको मार्था ही आधी डॅनियल पार्क कस्टिसची पत्नी. तो १७५७ मध्ये मृत्युपत्र न करताच वारला. अशा वेळी कायद्याने विधवेला तिसरा हिस्सा मिळे, पण तो तिच्या हयातीपुरताच. तिच्या पश्चात तो कस्टिसच्या वारसांकडे परत जायचा. त्या हिश्श्यात ८४ माणसं तिच्या वाट्याला आली. त्यांची मुलंबाळं धरून १७९९ पर्यंत त्यांचे १५३ झाले. वॉशिंग्टनला ही माणसं ना विकता येत होती, ना मुक्त करता येत होती.

त्याने मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या गुलामांना मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त करावं असं लिहिलं. मार्थाने वाट न पाहता १ जानेवारी १८०१ ला त्यांना मुक्त केलं. आता यादीतलं एक घर बघा. घरातला वाढपी फ्रँक ली हा वॉशिंग्टनच्या मालकीचा. त्याची बायको ल्यूसी, स्वयंपाकीण, कस्टिसच्या हिश्श्यातली. मुलं कुणाची? १६६२ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने मूल आईच्या स्थितीला जायचं. म्हणजे मुलं कस्टिसची. फ्रँक मुक्त झाला. ल्यूसी आणि तिची मुलं माइक, फिलिप, पॅटी गुलामच राहिली. १८०२ मध्ये मार्था वारली आणि कस्टिसचा हिस्सा तिच्या चार नातवंडांत वाटला गेला, म्हणजे तीन नाती आणि एक नातू. शेजारी राहणारी घरं चार दिशांना गेली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही मिटून बाहेर जाऊन बसले होते.

पण शोधणाऱ्याने इथे हात टेकायचे नसतात. कारण वाटणी कुणाकडे गेली ते लिहिलेलं आहे. नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस याने पोटोमॅकच्या काठी आर्लिंग्टनची हवेली बांधली. तो १८५७ मध्ये वारला, आणि त्याच्या मृत्युपत्रात पाच वर्षांच्या आत गुलामांना मुक्त करण्याचं कलम होतं. व्यवस्था पाहणारा होता त्याचा जावई रॉबर्ट ई. ली, पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झालेला. त्याने २९ डिसेंबर १८६२ रोजी मुक्तिपत्रावर सही केली. त्यात माणसांची नावं कुटुंबवार आहेत, आणि आता आडनावंही आहेत. तिथून १८७० ची शिरगणती आठ वर्षांवर. म्हणजे १७५७ चा मृत्युपत्र न करता गेलेला मळेवाला, १८०२ ची वाटणी, १८५७ चं मृत्युपत्र, १८६२ चं मुक्तिपत्र आणि १८७० ची शिरगणती अशी साखळी जोडता येते. दर कड्याला विचारायचं ते इतकंच: मेलं कोण, वारस कोण, आणि माणसं कुणाच्या वाट्याला गेली.

फ्रँक लीच्या आडनावाची गोष्टही यातच आहे. वॉशिंग्टनने १७६८ मध्ये फ्रँक आणि त्याचा भाऊ विल्यम यांना वेस्टमोरलंड कौंटीतल्या जॉन ली याच्या इस्टेटीतून विकत घेतलं. तीस वर्षं वॉशिंग्टनच्या घरी राहूनही आडनाव ली. हाच विल्यम ली पुढे वॉशिंग्टनच्या मृत्युपत्रात नावानिशी येतो. त्याला लगेच मुक्ती आणि वर्षाला तीस डॉलर लावून दिले आहेत. फ्रँकचा वंशज वॉशिंग्टनच्या बापाच्या कागदांत शोधत बसला तर हाती काही लागायचं नाही. त्याने ली घराण्याची मृत्युपत्रं वाचायला हवीत. मालक कळला की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा तो हाच: मालकाकडे हा माणूस आला कुठून? बापाच्या मृत्युपत्रातून, सासऱ्याकडून, की खरेदीने? वॉशिंग्टनलाही पहिले दहा गुलाम बापाच्या मृत्युपत्रातूनच मिळाले. बाप ऑगस्टीन १७४३ मध्ये वारला, तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा होता.

सासऱ्यांची मृत्युपत्रं लोक विसरतात. मुलीच्या लग्नात बापाने माणसं दिलेली असतात, आणि मृत्युपत्रात फक्त 'जे आधीच दिलं आहे ते तिच्याकडे राहील' एवढंच लिहिलेलं असतं. मग बक्षीसपत्रांची वही बघायची. विधवांची आणि अविवाहित बहिणींची मृत्युपत्रं तर जरूर वाचा. त्यांच्याकडे जमीन कमी असे, म्हणून त्या एकेका माणसाबद्दल चार ओळी जास्त लिहीत. वॉशिंग्टनची भावजय हॅना हिच्या मृत्युपत्रात वेस्ट नावाच्या मुलाला एकविसाव्या वर्षी मुक्त करायला सांगितलं आहे. हा वेस्ट फोर्ड पुढे जमीनदार झाला आणि १८३३ मध्ये त्याने माउंट व्हर्ननजवळ गम स्प्रिंग्ज ही मुक्त काळ्या लोकांची वस्ती उभी केली. ती आजही आहे.

मृत्युपत्र वाचून थांबू नका. त्यात फक्त इच्छा असते. कोर्ट शेजारच्या तीन-चार जमीनदारांना नेमून मालमत्तेची मोजदाद करवून घ्यायचं, त्या यादीत खोलीगणिक सामान, कोठारातला तंबाखू, घोडे, आणि गुलामांची नावं किमतीसह येतात. त्यानंतर वाटणीपत्र आणि व्यवस्थेचा वर्षावर्षाचा हिशोब. मृत्युपत्रात 'माझे सर्व गुलाम मुलांत समान वाटावेत' असं एकच वाक्य असतं. नावं सगळी यादीत आणि वाटणीपत्रात असतात. आमच्या बाबतीत मृत्युपत्रात एकही नाव नव्हतं, आणि अकरा वर्षांनी झालेल्या वाटणीत छत्तीस होती. धाकटा मुलगा सज्ञान होईपर्यंत वाटणी अडली होती, हे कारण.

किमती वाचणं जड जातं, पण त्या कामाच्या आहेत. एकाच यादीत दोन बेट्टी असतील तर किमतीवरून थोरली कोण, धाकटी कोण ते कळतं. लहान मुलांची किंमत वयाबरोबर चढते, तरुणपणी सर्वांत जास्त असते आणि म्हातारपणी शून्यावर येते. दोन याद्यांमध्ये बारा वर्षांचं अंतर असेल तर तीच नावं शेजारी मांडून बघा: आधी आईबरोबर एकाच ओळीत असलेलं तान्हं मूल नंतर स्वतःच्या ओळीत येतं. यादीतला क्रमही जपा. नावं बहुधा झोपडीनुसार लिहिलेली असतात, म्हणजे लागून आलेली नावं एका घरची असण्याचा संभव असतो. आणि मुलांना आजी-आजोबांची नावं ठेवण्याची पद्धत पुष्कळ घरांत होती. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच. सीझर, फिलिस यांसारखं नाव चाळीस वर्षांनी त्याच मळ्यावर पुन्हा आलं की नातं शोधायला लागावं. त्याला पुरावा मात्र म्हणू नये.

'ती आणि तिची पुढली वाढ' असे शब्द मृत्युपत्रांत वारंवार येतात. बाईच्या पोटच्या, अजून न जन्मलेल्या मुलांना उद्देशून लिहिलेले, गाईम्हशींना वापरतात तेच. पण वंश शोधणाऱ्याला हेच शब्द आईपासून मुलापर्यंत नेतात, म्हणून ते दिसले की तिथे खूण करा.

मृत्युपत्रात लिहिलं ते घडलंच असंही नाही. आधी सावकारांचा हक्क. व्हर्जिनियाचाच मळेवाला आणि राष्ट्राध्यक्ष राहिलेला थॉमस जेफरसन १८२६ मध्ये वारला तेव्हा त्याच्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होतं. मृत्युपत्रात त्याने पाच जणांना मुक्ती दिली, आणि जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलो या त्याच्या मळ्यावरच्या १३० माणसांचा लिलाव झाला. अशा वेळी वारसांच्या मागे जाऊन उपयोग नाही, लिलावाचा हिशोब शोधायचा आणि विकत घेणाऱ्यांची नावं काढायची. त्या पाचांत मॅडिसन आणि एस्टन हेमिंग्ज हे दोघे भाऊ होते. १८०६ च्या कायद्याने मुक्त झालेल्याला बारा महिन्यांत व्हर्जिनिया सोडावं लागे, म्हणून जेफरसनने त्यांना राज्यात राहू देण्याची विनंतीही त्याच कागदात विधिमंडळाला केली. मॅडिसनने १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात जेफरसन आपला बाप असल्याचं सांगितलं. १९९८ मध्ये एस्टनच्या पुरुषवंशातल्या माणसाची डीएनए चाचणी झाली आणि जेफरसन घराण्याशी जुळली. मृत्युपत्रात बापाने मुलगा म्हणून एक अक्षर लिहिलं नव्हतं. मळेवाला एखाद्याच बाईच्या मुलांना मुक्ती, जमीन किंवा शिक्षण देत असेल तर ती ओळ पुन्हा वाचा. पण चाचणी किंवा दुसरा कागद मिळेपर्यंत वंशवृक्षात नाव पक्कं करू नका. चाचणीने नातं आहे एवढं कळतं. कोण कुठे होतं ते कागदच सांगतो.

सगळ्यांनीच मुक्ती मृत्यूवर सोडली असंही नाही. रॉबर्ट कार्टर तिसरा या मळेवाल्याने १७९१ मध्ये जिवंतपणीच बक्षीसपत्र दाखल करून साडेचारशेहून अधिक माणसांना टप्प्याटप्प्याने मुक्त करायची व्यवस्था केली. त्यात प्रत्येकाचं नाव, वय आणि मळा आहे. मळ्यांना त्याने सिंह, कर्क, मेष अशी राशींची नावं ठेवलेली, त्यामुळे यादी वाचताना क्षणभर पत्रिका वाचतोय असं वाटतं. त्याच्या आजोबाचं, 'किंग' कार्टरचं मृत्युपत्र शेजारी ठेवून वाचलं तर तीन पिढ्यांची माणसं नजरेखाली येतात. १७८२ पूर्वी व्हर्जिनियात खाजगी मालकाला मुक्ती देणं जवळपास अशक्य होतं, म्हणून त्याआधीच्या मृत्युपत्रांत मुक्तीची कलमं शोधण्यात वेळ घालवू नका.

आता वाचण्यातल्या अडचणी. २५ मार्चला नवं वर्ष धरण्याची रीत १७५२ मध्ये बंद झाली, त्यामुळे त्याआधीच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांना दोन सालं लिहिलेली असतात. वॉशिंग्टनचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१/३२, नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२. जॉन हे नाव जे, एन आणि ओ एवढ्याच अक्षरांत लिहीत. लांबट एस एफसारखा दिसतो. आम्ही सर्वांत जास्त फसलो ते नात्यांच्या शब्दांत. 'सन-इन-लॉ' म्हणजे जावई असं धरून आम्ही एका मुलीचं लग्न शोधत महिने घालवले. तो सावत्र मुलगा निघाला. त्या काळी सावत्र नात्यालाही 'इन-लॉ' म्हणत. 'कझिन' हा पुतण्या किंवा भाचा असू शकतो. सीनिअर-ज्युनिअर हे बापलेक असतीलच असं नाही, एका गावातले एकाच नावाचे थोरला-धाकटा एवढाच अर्थ. एखाद्या मुलाचं नाव मृत्युपत्रात नसलं म्हणजे त्याला बेदखल केलं असंही नाही, त्याचा वाटा कदाचित आधीच दिलेला असतो. थोरल्याला सगळी जमीन जाण्याची वहिवाट व्हर्जिनियाने १७८५ मध्ये कायद्याने मोडली, त्याआधीच्या कागदांत तो गृहीत असतो.

मालकाचाच वंश शोधायचा असेल, आणि काहींच्या बाबतीत दोन्ही वंश एकच असतात, तर मृत्युपत्रं समुद्रापलीकडेही नेतात. इंग्लंडमध्ये मालमत्ता असलेल्या मळेवाल्यांची मृत्युपत्रं कँटरबरीच्या धर्मपीठाच्या न्यायालयात दाखल होत, आणि १८५८ पर्यंतची ती दप्तरं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वॉशिंग्टन घराण्याचा इंग्लंडमधला मागोवा हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स या अभ्यासकाने १८८० च्या दशकात लावला. त्यात त्याला वाट दाखवली ती ट्रिंग गावच्या अँड्र्यू नॉलिंग या माणसाच्या मृत्युपत्राने. नॉलिंगने आपल्या लॉरेन्स वॉशिंग्टन नावाच्या धर्मपुत्राला वारस केलं होतं आणि त्याच्या भावंडांची नावं लिहिली होती. आडनावाने शोधणाऱ्याला नॉलिंग दिसलाच नसता.

कागद कुठे मिळतात? कौंटी कोर्टातल्या कारकुनाने नकलून घेतलेल्या मृत्युपत्रांच्या वह्या तिथे जाऊन पाहता येतात. त्यांच्या सूक्ष्मफिती रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियामध्ये आहेत. त्याच ग्रंथालयाचा 'व्हर्जिनिया अनटोल्ड' हा प्रकल्प काळ्या लोकांच्या कागदांची नावानिशी सूची करतो. फॅमिलीसर्चवर फुकट खातं काढून घरबसल्या पुष्कळ वह्या पाहता येतात, मात्र सगळ्यांची सूची नसते. पान पान उलटायची तयारी ठेवा. काही कौंट्यांच्या बाबतीत नशीब खोटं. जेम्स सिटी कौंटीने यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून दप्तरं रिचमंडला हलवली आणि एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडच जळालं. अशा ठिकाणी शेजारच्या कौंटीत बघा, कारण मळे एका कौंटीपुरते नसत. मार्था वॉशिंग्टनचं मृत्युपत्र तर युद्धात कोर्टातून चोरीला गेलं, जे. पी. मॉर्गन या धनाढ्याच्या संग्रहात पोहोचलं आणि व्हर्जिनियाला ते दावा लावून परत मिळवावं लागलं.

मॉरिशसमधल्या मराठी मंडळींनी यातला फक्त दृष्टिकोन घ्यावा, साधन घेऊ नये. तिथल्या उसाच्या मळ्यांवर एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गेलेले कोकण-देशावरचे लोक गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर होते, मालकाची मालमत्ता नव्हते. म्हणून मळेवाल्याच्या मृत्युपत्रात ते सापडायचे नाहीत. त्यांना सरकारने दिलेला आगमन क्रमांक हीच किल्ली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्या आहेत. त्यांत बापाचं नाव, गाव, जहाज आणि काहींचे फोटोही आहेत. नावांची इंग्रजी-फ्रेंच कारकुनांनी केलेली रूपं मोठ्याने वाचून बघा, कानाला गाव कळतं.

शेवटची विनंती यादी उतरवून घेण्याबद्दल. यादी सापडली की आपलं एकच नाव टिपून पान उलटू नका. पूर्ण यादी, त्याच क्रमाने, किमतीसह आणि जुन्या स्पेलिंगसह लिहून घ्या. आज परकं वाटलेलं नाव दुसऱ्या यादीत आजीचं निघतं. शिवाय त्या छत्तीस जणांतल्या पस्तिसांचे वंशज कुठेतरी हेच शोधत असतात. विहीणबाई आमची प्रत्येक यादी टाइप करून त्या कौंटीच्या इतिहास मंडळाला पाठवतात. गेल्या महिन्यात त्यांना एका अनोळखी बाईंचा फोन आला. वाटणीपत्रातल्या एकोणिसाव्या ओळीतली हॅना ही त्या बाईंची. आमची डिली, विहीणबाईंची पूर्वज, विसाव्या ओळीत आहे, त्याच झोपडीतली असावी. आता दोघी मिळून मळेवाल्याच्या त्या धाकट्या मुलाच्या सासऱ्याचं मृत्युपत्र शोधत आहेत.